एक चाल, हजार कविता

"गुरुजी, चाल सांगा ना!"

मराठीचे नवे पुस्तक उघडले आणि पहिल्या कवितेचे पान आले, की वर्गातून हा आवाज उठलाच म्हणून समजा. कवी कोण, कवितेत काय आहे, कठीण शब्दांचे अर्थ कोणते, हे सारे मागाहून, आधी चाल. बोरी अरबच्या आमच्या मुलांना बिनचालीची कविता म्हणजे अळणी भाजी वाटते. मी काही गवई नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि संगीताची तर एकही परीक्षा मी दिलेली नाही. पेटीवर सूर धरता येतो, कान बरा आहे, एवढ्या भांडवलावर मी वर्षानुवर्षे पोरांना चाली पुरवत आलो. कादंबरी लिहिणारा माणूस शब्दांचा. सुरांच्या प्रांतात तो पाहुणाच.

दोन वर्षांपूर्वी या पाहुण्याची चांगलीच खोड मोडली. स्नेहसंमेलनासाठी सासरी निघालेल्या लेकीची एक कविता मी निवडली. तिला केरव्याची झकास चाल लावली, पेटी घेतली, आणि मुली टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू लागल्या. तालीम रंगात आली असता मागच्या बाकावरची एक मुलगी गप्प बसलेली दिसली. सहसा ती सर्वांत मोठ्याने गायची. विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, कवितेतली पोरगी तं रडून राह्यली, अन् चाल टाया वाजवाची हाय."

मी पेटी मिटली. मागाहून कळले, की त्याच वैशाखात तिच्या मोठ्या बहिणीचे लग्न होऊन ती दूर गेली होती. पण कारण काही असो, पोरीने प्रश्न विचारला होता तो नेमका होता. कवितेला चाल लावायची म्हणजे काय करायचे? शब्दांनी सुरांच्या मागे जायचे, की सुरांनी शब्दांच्या? आणि मराठीत हे कोणी, केव्हा ठरवले? त्या रात्रीपासून मी या गोष्टीच्या मागे लागलो. जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की आपल्याकडे कविता न गाता वाचायची असते ही कल्पनाच अलीकडची आहे. माझ्या आजीला जात्यावरच्या दोन-तीनच चाली येत. त्या दोन-तीन चालींवर तिने किती ओव्या म्हटल्या, याचा हिशेब देवालाच ठाऊक. ओवीच्या चरणात अक्षरांचे बंधन सैल. अक्षरे कमी पडली तर स्वर लांबवायचा, जास्त झाली तर घाईने उरकायची, आणि सगळ्याचा मेळ जात्याच्या फेऱ्याशी घालायचा. जाते हाच तिचा तबला. माहेरची ओवी, रामाची ओवी, भावाची ओवी, पावसाची ओवी, चाल तीच.

देवळात तेच, पाठशाळेत तेच. भुजंगप्रयाताच्या ओळीत बारा अक्षरे. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. रामदासांचे मनाचे श्लोक ज्याला म्हणता येतात त्याला त्या वृत्तातली जगातली कोणतीही कविता म्हणता येते. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा तुटणाऱ्या. साकीच्या ओळीत अठ्ठावीस, सोळा आणि बारा अशा. कीर्तनकार उभा राहिला, की तो आख्यानात साकीवरून दिंडीवर आणि दिंडीवरून श्लोकावर असा जाई, जसा आपण ओसरीवरून माजघरात जातो. नवी कविता आली तर तिचे वृत्त ओळखायचे, आणि त्या वृत्ताची चाल सर्वांच्या गळ्यात आधीच असायची. चाल ही शेतातल्या पायवाटेसारखी होती. पहिल्याने कोणी पाडली हे कोणाला ठाऊक नाही. येईल त्याने चालावे.

या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि ती माझ्या विद्यार्थिनीने पकडली तीच. चालीला अर्थाचे सोयरसुतक नव्हते. ज्या शार्दूलविक्रीडितात सीतेचे स्वयंवर, त्याच शार्दूलविक्रीडितात सीतेचा त्याग. गाणारा जाणता असेल तर आवाजात कंप आणून, एखादे अक्षर थांबवून तो भेद करी. पण ते त्याचे कसब; चालीचे काम नव्हे.

नाटकाने या पायवाटेचा मोठा रस्ता केला. १८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतला'चे पहिले अंक केले. त्यात साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी असे घरचे सगळे होतेच, शिवाय लावणीच्या आणि कानडी मुलखातल्या चालीही होत्या. कोणाच्या घरी ट्रंकेत जुन्या नाटकांची पुस्तके असतील तर त्यांनी ती जरूर उघडून पाहावीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' छापलेली सापडते: अमुक पदाप्रमाणे म्हणावे. म्हणजे चाल आधी, पद नंतर. शब्द हे मापाचे कपडे, अंग सुरांचे.

पुढे गवयांची सद्दी सुरू झाली तेव्हा हे अधिकच ठळक झाले. १९११ साली 'मानापमान' आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ साली 'स्वयंवर' आले, त्याला भास्करबुवा बखल्यांचे संगीत. बुवा घराण्यांची तालीम घेतलेले मोठे गवई. त्यांनी ख्यालाच्या खानदानी चिजा नाटकात आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांच्या मापाने मराठी शब्द बसवले. गद्यात सिंहासारखे गर्जणारे खाडिलकर पदांत मात्र कधी कधी वाक्य पिळून काढल्यासारखे लिहितात, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्याचे कारण हे. मूळ चिजेत जिथे एक लांब आकार आहे तिथे मराठीतही आकारच लागतो. मग शब्द कोणता का मिळेना! बालगंधर्वांच्या गळ्यातून तो उतरला, की प्रेक्षकांना त्याचा अर्थ पुसण्याची शुद्ध राहत नसे. वन्समोअर सुरांना मिळे. शब्द ही तंबोरा टांगायची खुंटी.

कोणी म्हणेल, मास्तर ख्यालगायकीवर रुसले. मुळीच नाही. ख्यालाचा तो धर्मच आहे. अस्थायीच्या दोन ओळी आणि अंतऱ्याच्या दोन, एवढ्यावर गवई अर्धा-पाऊण तास राग उभा करतो. तिथे शब्दाने वितळून जायचे असते, आणि ब्रज भाषेतले शब्द तसे वितळतातही. 'पिया' तोंडात घातला की विरघळतो. आमचा मराठी 'कर्तव्य' काही केल्या विरघळत नाही. जोडाक्षरे, ळ आणि ण यांची ठेच, व्यंजनांची गर्दी, या भाषेला सुरांत वाहवण्यापेक्षा सुरांवर उभी करणे सोपे. पण हे उमगायला आपल्याला बराच वेळ लागला, आणि ते उमगण्यात आमच्या वऱ्हाडाचा वाटा केवढा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून इथे मी जरा बसणार आहे.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर म्हणून गाव आहे. तिथे नागोराव घनश्याम देशपांडे नावाचे वकील राहत. जन्म १९०९ सालचा, सेंदुरजनचा. मराठी वाचक त्यांना ना. घ. देशपांडे म्हणून ओळखतो. कोर्टाच्या दाव्यांतून सवड काढून त्यांनी जी कविता केली तिच्यात रान आहे, वारा आहे, आणि मनातले मनातच ठेवणारी माणसे आहेत. 'शीळ' ही त्यांची कविता जी. एन. जोशी यांनी स्वतः चाल लावून गायिली आणि ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरवली. जोशीही १९०९ चेच, विदर्भातलेच, आणि गंमत अशी की शिक्षण त्यांचेही वकिलीचे. हे झाले १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. एका वकिलाने लिहावे, दुसऱ्याने गावे आणि सगळ्या महाराष्ट्राने तो दावा मान्य करावा, असा प्रकार घडला.

त्या तबकडीत नवे काय होते? राग दाखवण्याची घाई नव्हती, ताना नव्हत्या. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. तेवढ्यात कविता सांगायची. साहजिकच गाणाऱ्याला शब्दांपासून दूर हिंडायला जागाच नव्हती. अडचणीतून शहाणपण निघते ते असे. आणि दुसरे, ती चाल कोणत्याही चिजेवरून उचललेली नव्हती, कोणत्याही वृत्ताची ठरलेली नव्हती. ती त्या कवितेसाठीच जन्मली होती. कविता आधी, चाल नंतर, आणि ती चाल फक्त तिचीच.

'शीळ' हा ना. घं.चा संग्रह १९५४ साली निघाला. म्हणजे पुस्तक होण्याच्या वीसेक वर्षे आधी कविता लोकांच्या ओठांवर होती. कवीचे नाव ठाऊक नसलेल्या बायकाही ती गुणगुणत असतील. छापखान्याच्या आधी गळ्यातून कविता पसरावी हे तर जात्यावरच्या ओवीचेच भाग्य! पण फरक मोठा होता. आजीची ओवी तुम्ही तिच्या चालीत म्हणा, माझ्या चालीत म्हणा, ती ओवीच राहते. 'शीळ' दुसऱ्या चालीत म्हणून पाहा. जमत नाही, मन घेत नाही. पायवाट संपली आणि प्रत्येक कवितेला स्वतःचे अंगण, स्वतःचे फाटक आले.

याच काळात अमरावतीत जन्मलेला आणखी एक माणूस मुंबईत धडपडत होता. केशवराव भोळे डॉक्टर व्हायला गेले आणि गाण्यात अडकले. ते नुसते गाणारे नव्हते, गाण्याचा विचार करणारे होते. 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी गवयांवर जे लिहिले ते आजही वाचनीय आहे. १९३३ सालच्या १ जुलैला नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणली. तिचे संगीत भोळ्यांचे. पूर्वीच्या नाटकांत पदांची संख्या पन्नाशीच्या पुढे जाई; इथे गाणी मोजकी, ती प्रसंगातून उगवणारी आणि नाटक पुढे नेणारी. ज्योत्स्नाबाई भोळ्यांनी ती गायिली तेव्हा प्रेक्षकांना एक पात्र मनातले बोलते आहे असे वाटले, बैठक रंगते आहे असे नव्हे.

भोळ्यांचे खरे सामर्थ्य मला 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' चित्रपटात दिसते. साल १९३६. त्यातले बीज आणि फळ यांविषयीचे पद तुकोबांचेच आहे असे आजही अनेकांना वाटते. ते आहे शांताराम आठवल्यांचे. आठवल्यांनी शब्द अभंगाचे लिहिले हे तर खरेच. पण भोळ्यांनी त्याला दिलेली चाल इतकी साधी, वारकऱ्याच्या गळ्यातली आहे, की ती बैठकीत शिजलेली आहे असा संशयही येऊ नये. नवी चाल करायची आणि ती जुनी वाटायला लावायची, यासारखे अवघड काम नाही. मी करून पाहिले आहे. माझी नवी चाल नवी म्हणूनही धड वाटत नाही.

आता शब्दाला चाल लावताना प्रत्यक्ष घडते काय, ते माझ्यासारख्या अर्धवटाच्या भाषेत सांगतो. एक साधे वाक्य घ्या: आई घरी नाही. तीन शब्द. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. कान तिथे येऊन टेकतो. सम 'आई'वर आणा. घरात इतर सगळे आहेत, पण आई नाही, असा अर्थ होतो. 'घरी'वर आणा. आई आहे, पण दुसरीकडे कुठेतरी, शेतावर असेल, कापूस वेचायला गेली असेल. 'नाही'वर आणा आणि तो शब्द खालच्या सुरात सोडा. मग मात्र ऐकणाऱ्याच्या पोटात धस्स होते. ही आई परत येणार नाही, असे वाटू लागते. शब्द तेच, अक्षरांची संख्या तीच, वृत्त असेल तर तेही तेच. चाल लावणारा माणूस कवितेचा अर्थ सांगत असतो. नव्हे, तो अर्थ निवडत असतो. केरव्याच्या टाळ्यांवर मी सासरी निघालेल्या लेकीला बसवले तेव्हा माझ्या हातून निवड चुकली, ती अशी.

यशवंत देवांनी या साऱ्याला 'शब्दप्रधान गायकी' असे नाव दिले आणि त्याच नावाचे पुस्तक लिहिले. नाव थोडे जड आहे, पण चपखल आहे.

या गायकीचा कळस कोणता असे विचारले तर आमच्या गावातही एकच उत्तर मिळेल. १९५५ सालच्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत ऐकू आले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, दोघेही १९१९ चे, तेव्हा पस्तिशी ओलांडलेले. पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीते झाली. आठवड्याला एक गीत म्हणजे कवीला थोडी उसंत. संगीतकाराला त्याहून कमी. पहिले गीत फडक्यांच्या हातून गहाळ झाले आणि माडगूळकरांनी ते रागारागाने बसल्या बैठकीत पुन्हा लिहून दिले, अशी आख्यायिका सांगतात. तसे झाले असो वा नसो, असल्या घाईतून हे काम उतरले आहे यावर विश्वास बसू नये इतके ते नेटके आहे.

फडक्यांनी केले काय? छप्पन्न गीतांत राम बोलतो, सीता बोलते, कौसल्या, भरत, शबरी, हनुमंत बोलतात. प्रत्येकाला त्यांनी त्याचा सूर दिला. पहिल्या गीताला भूपाची बैठक आहे. भूप हा राग सरळ, उजेडाचा, कुठे आडपडदा नाही. कथेचे दार उघडायला याहून चांगला सूर कोणता? आणि शब्द कुठेही तुटत नाही. ओळीच्या मध्यावर श्वास घ्यायचा झाला तर तो अर्थाच्या विश्रांतीच्या जागीच येतो. मी वर्गात वाचन शिकवताना मुलांना सांगतो, की स्वल्पविराम पाहायचा असेल तर बाबूजींचे गाणे ऐका.

माडगूळकर आमच्या जिल्ह्यातही येऊन गेले. १९७३ साली यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष तेच. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी त्या संमेलनाला गेले होते, आणि त्यांच्या तोंडून मी ती हकिकत बालपणी इतक्यांदा ऐकली आहे की मीच गेलो होतो असे वाटते. अध्यक्ष त्यांना दिसले ते फार लांबून, माणसांच्या डोक्यांवरून. भाषणातले काय ऐकू आले आणि काय नाही हे त्यांना पुढे सांगता येत नसे. मात्र परतीच्या एस. टी.ची गोष्ट ते रंगवून सांगत. दारव्ह्याच्या रस्त्याला गाडी लागली, आत अंधार, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी गीतरामायणातले एक गीत सुरू केले. अडाण नदीचा पूल येईपर्यंत निम्मी गाडी गात होती. कंडक्टरही. "त्यातल्या एकालाही संगीत येत नव्हतं बरं," गुरुजी म्हणत, "पण चाल कोणाची चुकली नाही."

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ग्रामोफोनने आणि रेडिओने गाणारी माणसे ऐकणारी केली, अशी तक्रार मी स्वतःही पुष्कळदा केली आहे. त्या एस. टी.ने ती निम्मी तरी खोटी पाडली. निम्मीच, कारण छप्पन्न गीतांच्या छप्पन्न चाली त्या त्या गीताशी बांधलेल्या आहेत. त्यांत सत्तावन्नावे गीत बसत नाही. आजीच्या ओवीत ते बसले असते.

शास्त्रोक्त गायकीत राहून कवितेला जवळ करणारे एक मोठे नाव राहिले, ते कुमार गंधर्वांचे. बेळगावकडचा हा गवई क्षयाच्या दुखण्यामुळे १९४८ च्या सुमारास माळव्यात देवासला गेला आणि तिथलाच झाला. गाणे बंद असलेल्या वर्षांत त्यांनी अंथरुणावरून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकली, आणि त्या लोकधुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. मोठा गवई जात्यावरच्या गाण्याकडे शिकायला गेला, असेच म्हणा ना! पुढे त्यांनी कबीर गायिला, तो तर सर्वांना ठाऊक आहे. भा. रा. तांब्यांच्या कवितांचाही त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केला. तांबे १८७३ ते १९४१. त्यांचेही आयुष्य मध्य भारतातच गेले, आणि गाण्याची जाण असलेल्या या कवीने आपल्या अनेक कवितांवर राग-ताल स्वतःच लिहून ठेवले. याच तांब्यांच्या कवितांना वसंत प्रभूंनी गोड, सुरेल चाली दिल्या, लताबाईंनी त्या गायिल्या आणि त्या घरोघरी पोचल्या. कुमारांचा तांबे इतका गोड नाही. तो एखाद्या शब्दाशी थांबतो, त्याला उलटून पाहतो, पुन्हा पुढे जातो. मला कोणता अधिक आवडतो? दिवाळीत प्रभूंचा, आषाढात कुमारांचा. खरे सांगायचे तर यापलीकडे माझी समज जात नाही.

अमरावतीच्या सुरेश भटांना वगळून वऱ्हाडी माणसाने हा विषय संपवला तर त्याला गावात तोंड दाखवता येणार नाही. मराठीत गझलेचे वृत्त माधव जूलियनांनी 'गज्जलांजलि'त १९३३ सालीच आणले होते, पण त्यात गझलेचा जीव भटांनी घातला. 'रंग माझा वेगळा' १९७४ चा, 'एल्गार' १९८३ चा. हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या, आमच्याकडच्या भीमराव पांचाळ्यांनी त्यांच्या गझला गावोगाव गायिल्या. भट स्वतः आपली गझल सुरावर म्हणत, आणि नव्या पोरांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. या बाराखडीत मला माझ्या आजीचा माग लागला. गझलेच्या सगळ्या ओळी एकाच मापाच्या. मग एका गझलेची चाल त्याच वृत्तातल्या दुसऱ्या गझलेला चालते! आमच्या गावात एक शेतमजूर तरुण आहे. तो भटांच्या एका गझलेच्या चालीवर स्वतःच्या ओळी रचून म्हणतो. कापसाचा भाव, सावकार, न आलेला पाऊस, सगळे त्यात येते. पुरत्या बुजलेल्या पायवाटेवर मला पुन्हा पाऊल दिसले ते इथे.

हृदयनाथांनी नागपूरच्या ग्रेसांनाही गाऊन दाखवले. ग्रेसांची कविता वर्गात समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, ही देवाची कृपाच. पण गाण्यातून ती ऐकली की कळल्यासारखी वाटते. निदान तिचे दुःख तरी कळते. शब्दाचा अर्थ मागे राहिला आणि सूर पुढे पोचला, असे इथे होते. म्हणजे मी इतका वेळ शब्दांची बाजू लढवत होतो, ती इथे येऊन थोडी ढिली पडली. असो.

त्या मुलीची गोष्ट अर्धवट राहिली.

तालीम मोडल्यावर मी आठ दिवस चाल शोधत होतो. केरवा सोडून दादरा केला; पेटीवर पिलू वाजवून पाहिला. जे निघे ते एखाद्या ऐकलेल्या गाण्यासारखे. शेवटी मी त्या मुलीलाच बोलावले आणि म्हटले, "बाई, तूच सांग. कशी म्हणायची?" ती लाजली. पुष्कळ आढेवेढे घेतल्यावर म्हणाली, "माझी आजी म्हन्ते तशी म्हनू काय?" आणि तिने कविता सुरू केली. ती जात्यावरची चाल होती. कवितेची अक्षरे ओवीपेक्षा दोन जास्त. ती पोरीने शेवटी घाईने उरकली, आणि जिथे लेक उंबऱ्याशी थांबते तिथे एक अक्षर इतके लांबवले की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

स्नेहसंमेलनात ती एकटीच गायिली. पेटी नाही, तबला नाही. मंडपात कापसाच्या वेचणीवरून थेट आलेल्या बाया मागे बसल्या होत्या. काहींच्या लुगड्यांना बोंडांची सरकी चिकटलेली होती. दुसऱ्या कडव्याला त्यांतल्या एका म्हातारीने सूर धरला. कविता तिला ठाऊक असणे शक्य नव्हते. ती ओळीच्या शेवटचा स्वर तेवढा म्हणत होती, पण तो बरोबर म्हणत होती. तिसऱ्या कडव्याला आणखी दोघी मिळाल्या.

गाणे संपल्यावर निवेदकाने कवीचे नाव सांगितले, मुलीचे नाव सांगितले, आणि संगीत-दिग्दर्शक म्हणून माझे नाव पुकारले. मी उठून उभा राहिलो नाही. निवेदकाला वाटले गुरुजींना ऐकू आले नाही, म्हणून त्याने ते पुन्हा पुकारले.